पायाची नखं कोण कापून देतं?

माझी मावशी सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहते. इमारत जुनी, लिफ्ट नाही. महिन्यातल्या एका रविवारी मी तिच्याकडे जाते आणि तिच्या पायाची नखं कापून देते. तिचा हात पावलापर्यंत पोचत नाही. पोट मध्ये येतं, वाकलं की दम कोंडतो. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, सोनोग्राफी असे सगळे रिपोर्ट तिने फायलीत तारखेनुसार लावून ठेवलेत. नखांचा उल्लेख त्या फायलीत कुठेही नाही.

२०२५ पासून लठ्ठपणा बातम्यांतून हलायला तयार नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून जेवणातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी, आठवड्यातून एकदा टोचायची इंजेक्शनं भारतात विकायला आली. मग खाण्यात किती तेल-साखर आहे ते सांगणारे फलक सरकारी कार्यालयांत लावण्यावरून समोसा-जिलबीचे विनोद झाले. या सगळ्या चर्चेत किलो होते, कॅलरी होत्या, किमती होत्या. ज्याचं वजन खूप जास्त आहे त्याचा सोमवार सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जातो, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. खरं तर त्याचंही शास्त्र आहे आणि ते मोजताही येतं.

## आधी आकडा समजून घेऊ

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. मावशीची उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन १०० किलो. १.५७ गुणिले १.५७ म्हणजे साधारण २.४६. शंभराला त्याने भागलं की उत्तर येतं ४०.६. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ३० पासून लठ्ठपणा सुरू होतो आणि ४० पासून त्याची सर्वांत वरची, तिसरी पायरी. या लेखात 'तीव्र लठ्ठपणा' म्हणते आहे तो साधारण हाच. आपल्याकडचे डॉक्टर भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ २५ वरच ओढतात.

ती रेघ इतकी खाली का, याच्या उत्तराचा मोठा भाग पुण्यातच सापडला. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त. पुण्याच्या आसपासच्या गावांतल्या बाळांवर याज्ञिकांच्या गटाने जे काम केलं, त्यातही हेच दिसलं होतं. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पण चरबीत फारशी तूट नव्हती.

म्हणजे बीएमआय खोटा नाही, पण तो बाहेरून घेतलेला अंदाज आहे. मुळात बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ केटले या गणितज्ञाने १८३० च्या दशकात हे सूत्र मांडलं तेव्हा त्याच्यासमोर रुग्ण नव्हते, लोकसंख्येची सरासरी होती. खानेसुमारीचं माप आपण दवाखान्यात आणलं.

जानेवारी २०२५ मध्ये पन्नासहून अधिक तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने यावर नवी मांडणी केली. नुसती चरबी जास्त आहे, पण शरीराचं काम सुरळीत चाललं आहे, ही एक अवस्था. चरबीमुळे अवयव बिघडले आहेत किंवा रोजची कामं करता येत नाहीत, ही दुसरी. तिला त्यांनी आजार म्हटलं. रोजची कामं म्हणजे कोणती, हेही त्यांनी लिहिलं: चालणं-फिरणं, अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, लघवीवर ताबा, जेवणं. मी ते वाचलं तेव्हा मला नखं आठवली. निदानाच्या कागदावर पहिल्यांदाच कुणीतरी न्हाणीघरापर्यंत पोचलं होतं.

## जगण्याचा दर्जा मोजतात तरी कसा?

'जगण्याचा दर्जा' हा शब्द ऐकला की फ्लॅट, गाडी, शाळा डोळ्यांसमोर येते. वैद्यकात त्याचा अर्थ साधा आहे: तब्येतीमुळे माणसाला काय करता येतं, काय करता येत नाही आणि त्याबद्दल त्याला काय वाटतं. हे रक्तातून कळत नाही, विचारावं लागतं. म्हणून प्रश्नावल्या असतात.

वजनासाठी सर्वांत जास्त वापरली गेलेली प्रश्नावली अमेरिकेत तयार झाली. २००१ मध्ये तिची ३१ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. प्रश्नांचे पाच गट आहेत: हालचाल, स्वतःबद्दलचं मत, लैंगिक आयुष्य, चारचौघांत वावरताना होणारी कुचंबणा आणि काम. शेवटी शंभरपैकी गुण मिळतात. जास्त गुण म्हणजे बरं आयुष्य. खुर्चीत मावेन का, खुर्ची माझं वजन पेलेल का, असलेही प्रश्न त्यात आहेत.

ही प्रश्नावली पुण्यात बसून लिहिली असती तर वेगळी झाली असती. मांडी घालून किती वेळ बसता येतं? पंगतीत बसलात तर उठताना कुणाचा हात लागतो का? देशी पद्धतीच्या संडासात बसून उठता येतं का? स्कूटरवर मागे बसायला संकोच वाटतो का? पर्वतीला शेवटचं कधी गेलात?

## दिवस लहान होत जातो

जिन्यापासून सुरुवात करू. चालताना गुडघ्यावर नुसतं आपलं वजन पडत नाही, त्याच्या काही पट भार पडतो, कारण स्नायूही सांध्याला आवळून धरत असतात. गुडघ्याची झीज झालेल्या वजनदार लोकांवर २००५ मध्ये झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. हा हिशेब उलटा लावून पाहा. दहा किलो जास्त म्हणजे दर पावलाला चाळीस किलो जास्त. एका पायाची हजार पावलं धरली तर दिवसाला चाळीस टन. आणि हे सपाट जमिनीचं गणित आहे. जिना त्याहून कठीण.

माणूस हे टन मोजत नाही. तो फेऱ्या कमी करतो. मावशी आधी रोज मंडईत जायची, मग कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत, मग दोरीला पिशवी बांधून गॅलरीतून खाली सोडायला लागली. प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखं होतं. ऊन आहे, गर्दी आहे, आज नको. पाच वर्षांनी मागे वळून पाहिलं तर शनिपार ते मंडई हा रस्ताच तिच्या आयुष्यातून गेला होता.

दम लागण्याचंही असंच. पोटात आणि छातीभोवती चरबी साठली की श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. पेटीच्या भात्यावर वीट ठेवावी आणि वर लांब सूर धरायला सांगावं, तसं ते आहे. मावशी जिन्यात प्रत्येक वळणावर थांबते आणि मोबाइल काढून पाहते. मेसेज आलेला नसतो. धाप दिसू नये म्हणून तो मोबाइल.

झोपेवर जरा थांबायला हवं, कारण तिथे आपला गैरसमज मोठा आहे. "घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय" असं आपण म्हणतो. मानेतली आणि जिभेतली चरबी झोपेत घशातल्या हवेच्या वाटेवर दाबली जाते. बागेच्या नळीवर कुणी पाय ठेवला की पाणी थांबतं, तशी हवा थांबते. दहा सेकंद, कधी त्याहून जास्त. ऑक्सिजन घसरला की मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, घशातून मोठा आवाज येतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. तासाला तीस किंवा त्याहून जास्त वेळा असं झालं तर ते तीव्र समजतात. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. सकाळी यातलं काही आठवत नाही. फक्त डोकं जड असतं, चिडचिड होते, दुपारी खुर्चीत डुलकी लागते. तीच डुलकी स्वारगेटच्या सिग्नलला दुचाकीवर लागली तर काय, हे वेगळं सांगायला नको. तपासणी एका रात्रीची असते आणि नाकावर मास्क लावून हवेचा हलका दाब देणारं यंत्र बहुतेकांना उपयोगी पडतं. त्यामुळे वजन तसूभर न उतरताही दिवस सुधारू शकतो.

आता ज्या गोष्टी कुणी बोलत नाही त्या. शौचानंतर हात मागे न पोचणं. पोटाच्या आणि मांड्यांच्या घडीत घाम साठून मे महिन्यात होणारा बुरशीचा संसर्ग, त्याची आग आणि वास येईल ही भीती. शिंकताना, हसताना लघवीचे थेंब जाणं. यामुळे कितीतरी बायका लांबच्या प्रवासाला आणि लग्नाला नाही म्हणतात आणि कारण सांगतात गुडघ्यांचं. अमेरिकेत असा त्रास असलेल्या ३३८ वजनदार स्त्रियांवर अभ्यास झाला. ज्यांचं वजन सहा महिन्यांत सरासरी आठ टक्के उतरलं, त्यांच्यात असे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले. नुसती माहिती दिलेल्या गटातही घट झाली होती, पण २८ टक्के. शंभर किलोच्या बाईचे आठ किलो उतरले तर आरशात फार फरक दिसत नाही. पण तिला नगरला बसने जाता येतं.

नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल तर आपल्याकडे डॉक्टर विचारत नाहीत आणि पेशंट सांगत नाही. प्रश्नावलीत तो गट मुद्दाम ठेवलेला आहे, एवढं नोंदवून पुढे जाते.

## "पण जाडी माणसं तर हसतमुख असतात!"

मावशीसुद्धा हसतमुख आहे. प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली की तीच आधी म्हणते, "दोन एकात एक घाला, नाहीतर उद्या पेपरात येईन." सगळे हसतात. दुसऱ्याने विनोद करायच्या आत आपणच केलेला बरा, हा त्यामागचा हिशेब मला चाळिशीत कळला.

स्वीडनमध्ये १९८७ पासून तीव्र लठ्ठपणा असलेल्या हजारो लोकांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. सुरुवातीलाच त्यांच्या मनःस्थितीचे गुण संधिवात किंवा मणक्याला कायमची इजा झालेल्या रुग्णांपेक्षाही वाईट निघाले. १९९१ मधला अमेरिकेतला एक छोटा अभ्यास त्याहून अस्वस्थ करणारा आहे. शस्त्रक्रियेने पंचेचाळीसहून अधिक किलो उतरवलेल्या ४७ जणांना विचारलं: पुन्हा तेवढं वजन हवं, की दुसरं एखादं अपंगत्व? एकूण एक जण म्हणाले, त्यापेक्षा बहिरेपण चालेल. पाय कापावा लागला तरी चालेल, असं दहातले नऊ म्हणाले.

इथे सावध राहायला हवं. हे सगळे उपचारांपर्यंत पोचलेले, म्हणजे जास्त त्रासलेले लोक होते. प्रत्येक वजनदार माणूस दुःखी असतो असं यातून निघत नाही. शारीरिक गुण बहुतेकांचे घसरतात, मानसिक गुणांत मात्र बराच फरक दिसतो आणि एकंदरीत बायकांचे जास्त घसरतात. आपल्याकडे "लेकीचं जमणार कसं" हे वाक्य कुणासमोर बोललं जातं ते आठवलं तर आश्चर्य वाटत नाही.

नैराश्याचा रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता आहे. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा: लठ्ठ व्यक्तीला पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त आणि नैराश्य असलेली व्यक्ती पुढे लठ्ठ होण्याची ५८ टक्क्यांनी जास्त. कोणतं आधी, हे बऱ्याचदा त्या माणसालाही सांगता येत नाही.

## "तोंडाला कुलूप लावलं की झालं"

हा आक्षेप प्रत्येक घरात एक तरी काका घेतातच. त्यात तथ्य नाही असं नाही. कमी खाल्लं की वजन उतरतं. प्रश्न त्यानंतरचा आहे.

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी ठरावीक पातळीखाली गेलं की तरंगता बॉल खाली येतो आणि मोटर आपोआप सुरू होते. शरीरातही असा बॉल आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. ते १९९४ मध्ये सापडलं. किती साठा शिल्लक आहे, याची खबर ते मेंदूला देतं. वर्षानुवर्षं साठा जास्त राहिला की मेंदूचं त्या खबरेकडे दुर्लक्ष होऊ लागतं आणि बॉल वरच्या पातळीवरच अडकतो. मग १०० किलोचं शरीर ९० ला आलं की आतून गजर होतो: टाकी रिकामी होते आहे, मोटर लावा. भूक वाढते आणि खर्च घटतो.

किती घटतो? अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. त्यांच्या आकाराच्या माणसाचं शरीर आराम करतानाही जेवढं जाळतं, त्यापेक्षा त्यांची शरीरं रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होती. म्हणजे शेजारचा माणूस खातो त्यातल्या चार-पाच पोळ्या रोज सोडायच्या आणि त्याच वेळी त्याच्याहून जास्त भूक सोसायची. वर काका म्हणणार, इच्छाशक्ती नाही.

"आमची आजी तूप ओतून खायची, तिला कुठे काय झालं?" हेही ऐकू येतं. आजी पाणी भरायची, दळायची, आणि तिच्या घरी रात्री अकराला मोबाइलवरून बिर्याणी येत नव्हती.

## इंजेक्शन म्हणजे पळवाट?

नवी इंजेक्शनं नेमकी त्या बॉलवर काम करतात. जेवल्यावर आतडी "पोट भरलं" असा निरोप देणारी संप्रेरकं सोडतात, पण ती काही मिनिटांत विरघळतात. औषध म्हणजे त्याच निरोपाची आठवडाभर टिकणारी नक्कल. मोठ्या चाचण्यांमध्ये वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं, तर मौंजारोतल्या टिर्झेपटाइडने ७२ आठवड्यांत मात्रेनुसार १५ ते २१ टक्के. हालचालीचे आणि जगण्याच्या दर्जाचे गुणही वाढले.

दुसरी बाजूही आहे. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता बऱ्याच जणांना होते, पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि चरबीबरोबर स्नायूही उतरतात. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे लग्नाआधी चार महिने घ्यायची ही गोष्ट नव्हे. रक्तदाबाच्या गोळीसारखी लांबची सोबत आहे. हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं, ओळखीच्या केमिस्टशी बोलून नाही.

शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी करतात किंवा अन्नाचा रस्ता वळवतात. 'पोट शिवतात' असं लोक म्हणतात ते हेच. त्याचा परिणाम सर्वांत मोठा आणि टिकाऊ. तरी स्वीडनच्या अभ्यासात जगण्याच्या दर्जाचे गुण पहिल्या वर्षी सर्वांत उंच गेले, सहाव्या वर्षापर्यंत थोडे घसरले आणि मग दहाव्या वर्षापर्यंत स्थिरावले. गुणांचा हा आलेख परत आलेल्या वजनाच्या मागोमाग चालला. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की साधारण दहा टक्के घट टिकवली तरी दहा वर्षांनी आयुष्य पहिल्यापेक्षा बरं होतं. मावशीचे दहा किलो उतरले तर बीएमआय ३६.५ होईल. तक्ता तिला तरीही लठ्ठच म्हणेल. मंडई मात्र कदाचित परत मिळेल.

आजार म्हटलं की माणूस जबाबदारी झटकतो, ही भीती मला फारशी पटत नाही. मधुमेहाला आजार म्हटल्यामुळे कुणी पथ्य सोडलं नाही. उलट लाज न बाळगता पथ्य करता येऊ लागलं.

## दवाखान्यात जाताना

वजनाव्यतिरिक्त तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्या: काय करता येत नाही, काय करणं टाळता आणि काय परत हवं आहे. मावशीच्या चिठ्ठीवर जिना, झोप आणि नखं होती. त्याआधी एका दवाखान्यात तिने गुडघा दाखवला तेव्हा डॉक्टरांनी हात न लावताच "आधी वजन कमी करा" म्हणून पाठवलं होतं. या वेळी चिठ्ठी वाचून डॉक्टरांनी झोपेची तपासणी आणि फिजिओथेरपी लिहून दिली.

रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळायचा पट्टा मोठ्या मापाचा मागा. जाड दंडाला नेहमीचा लहान पट्टा लावला की रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो आणि विनाकारण गोळी वाढते. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर विम्याची पॉलिसी उघडून वजनावरचे उपचार वगळणारं कलम वाचा. विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, अथवा ३५ किंवा त्याहून जास्त असून तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा हृदयविकार यांसारखा गंभीर त्रास असेल आणि इतर उपायांचा उपयोग झाला नसेल, तर ते कलम आड येत नाही. "लठ्ठपणाला विमा नसतोच" असं एजंट सांगतो, ते अर्धवट असतं.

आणि घरी कार्य असेल तर हॉल ठरवतानाच हात नसलेल्या चार-सहा लोखंडी खुर्च्या सांगून ठेवा. कार्यालयवाल्यांकडे त्या मागच्या खोलीत असतात, मागितल्याशिवाय बाहेर काढत नाहीत.